शिंग आधी मागं जातं

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक समोर थांबलेलं असतं, पेल्यातच धार काढतात आणि फेसासकट ते कोमट दूध जागच्या जागी पिऊन माणसं पुढं जातात. गेली साडेतीन वर्षं मी आठवड्यातून एकदा तरी तिथं असते. भिंतीला पाठ लावून उभी राहते. डाव्या हातात लेकीचं जुनं परीक्षेचं पॅड, त्याच्या क्लिपमध्ये आठ-दहा पाठकोरे कागद, उजव्या हातात साधं बॉलपेन. आणि म्हशी काढते.

म्हशीच का, असं बरेच जण विचारतात. एक तर धार काढताना म्हैस फारशी हलत नाही, त्यामुळे शिकणाऱ्या माणसाला चार-पाच मिनिटं निवांत मिळतात. शिवाय तिची हाडं कातडीतून स्पष्ट दिसतात. पाठीचा कणा, बरगड्या, पुठ्ठ्याची, म्हणजे कमरेमागच्या भागाची, दोन टोकं. पण मी तिथं टिकून राहिले त्याचं कारण वेगळं आहे.

पहिले दोन महिने माझी प्रत्येक म्हैस टेबलासारखी यायची. वर आडवी फळी, खाली चार पाय, पुढं डोकं. काहीतरी चुकतंय हे कळायचं, काय चुकतंय ते कळायचं नाही. घरी जाताना मनात एकच असायचं, आजही चित्र चांगलं आलं नाही. एका संध्याकाळी, ज्यांची म्हैस मी काढत होते ते मामा बादली खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ कागदाकडं बघितलं, मग म्हशीकडं, मग पुन्हा कागदाकडं.

“ताई, शिंग चुकलं की वो.”

“कसं काय, मामा?”

“तुमी डोस्क्यातनं सरळ वर काढलाय. हिचं शिंग आधी मागं जातंय. पार खांद्यापतोर जातंय, मग वळतंय.” त्यांनी हवेत हात फिरवून ते वळण दाखवलं. मग जरा वाकून म्हणाले, “आणि ती मागच्या उजव्या पायावर उभारलीया. डावा नुसता टेकवलाय बघा. तुमी चारी पायांवर सारखंच वजन दिलंय. अशानं म्हस दमंल.”

मी बघितलं. खरंच, डाव्या पायाचं खूर अर्धवट टेकलेलं होतं, गुडघा सैल होता. आणि त्यामुळे पुठ्ठ्याचं उजवं हाड वर आलं होतं, डावं खाली उतरलं होतं. मागून बघितलं तर ती दोन टोकं जोडणारी रेघ चक्क तिरकी होती. मी दोन महिने ती आडवी, सरळ काढत होते. माझी टेबलं तिथून येत होती.

आमच्याकडच्या पंढरपुरी म्हशीची शिंगं किती लांब असतात हे काय मला माहीत नव्हतं? जन्म कोल्हापुरातला. रंकाळ्याच्या रस्त्यावर, पंचगंगेच्या पाण्यात, मी लहानपणापासून त्या म्हशी बघत आलेय. तरी माझ्या हातून कागदावर येत होती ती पाठ्यपुस्तकातल्या बैलाची शिंगं. मामांनी आयुष्यात पेन्सिलीनं काही काढलं नसावं, पण ते म्हैस बघत होते. मी मात्र माझं चित्र बघत होते.

त्या दिवसापासून माझा प्रश्न बदलला. “चित्र चांगलं आलं का?” हा प्रश्न माणसाला फार लवकर थकवतो, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा “नाही” असंच येतं आणि त्या “नाही”पुढं करण्यासारखं काही उरत नाही. “ही आत्ता कुठल्या पायावर उभी आहे?” याला मात्र उत्तर असतं, ते समोर उभं असतं, आणि ते मिळालं की लगेच पुढचा प्रश्न सुचतो.

हे मला चौदाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं.

आमच्या पिढीतल्या अनेकांसारखी मीही शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या. आठवीत एक, नववीत एक. १९९३ साल असेल ते. वस्तुचित्राच्या तयारीला स्टुलावर एक तांब्या, शेजारी वांगी, मागं घड्या पाडलेलं कापड. मी तांब्याचं तोंड लांबट गोल काढायची आणि तळ मात्र पट्टीनं मारल्यासारखा सपाट. कारण तांब्या सपाट ओट्यावर ठेवला की तो डुगडुगत नाही, म्हणजे तळ सपाट, हे मला ठाऊक होतं. सर यायचे, माझ्या हातातली पेन्सिल घ्यायचे, खोडरबर फिरवायचे आणि त्या तळाला एक सुंदर गोलाई द्यायचे. एक शब्द न बोलता. क्षणात माझा तांब्या भरीव दिसायला लागायचा. त्यांतलं एक चित्र शाळेच्या प्रदर्शनात लागलं. घरचे सगळे बघायला आले, आणि आत्या कौतुकानं ज्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, “काय हुबेहूब आलाय गं,” ती जागा माझी नव्हती.

परीक्षेच्या खोलीत सर नव्हते. तळ सपाट आला. ‘सी’ श्रेणी मिळाली आणि आपल्या हातात कला नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. पुढं सत्तावीस वर्षं मी पेन्सिल धरली ती फक्त वाणसामानाच्या यादीसाठी आणि ऑफिसातल्या हिशेबांसाठी. सरांनी वाईट हेतूनं काही केलं नाही, हे आता समजतं. पन्नास मुलं, एक तास, त्यात परीक्षेची घाई. पण दुसऱ्यानं दुरुस्त केलेल्या चित्रातून दुरुस्ती शिकता येत नाही. मला गोलाई मिळाली, तिचं कारण मिळालं नाही.

ते कारण मिळालं स्वयंपाकघरात. लेकीनं एलिमेंटरीचा अर्ज भरला होता आणि तिचाही तांब्या तसाच, तळाशी सपाट. ती रडकुंडीला आलेली. माझा हात पेन्सिलीकडं गेला होता, तो मी मागं घेतला. आजीचा पितळी तांब्या ओट्यावर ठेवला आणि दोघी त्याच्यासमोर हळूहळू खाली बसत गेलो. उभं राहून बघितलं तेव्हा तोंड चांगलं गोल दिसत होतं, आतलं पाणीसुद्धा दिसत होतं. गुडघे वाकवले तसं ते चपटं होत गेलं. अजून खाली गेलो तसं मिटत मिटत नुसती एक रेघ झाली. तांब्याचं तोंड आणि आमचे डोळे एका पातळीत आले होते. त्याच जागी थांबून तळाकडं बघितलं. तळ त्या पातळीच्या वीतभर खाली, म्हणजे त्याचा गोल तोंडापेक्षा जास्त उघडा. त्याची पुढची कड खाली झुकलेली, स्पष्ट. नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितका गोल उघडतो. लेक म्हणाली, “आई, परत एकदा करूया.” आम्ही सहा-सात वेळा उठलो-बसलो. त्या रात्री ती झोपल्यावर मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर तांब्या काढला. माझा पहिला स्वतःचा तळ. दुसऱ्या दिवशी वाटी काढली, मग कपबशी, मग पाण्याची कळशी. घरातली गोल तोंडाची एकही वस्तू सोडली नाही.

“तुला रोज एवढा उत्साह येतो कुठून?” असं ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात. उत्साह रोज येत नाही. महिन्याचे शेवटचे दिवस आमच्याकडं रिटर्न भरण्याचे, तेव्हा घरी आल्यावर जेवण गरम करायचंही जिवावर येतं. म्हणून मी उत्साहावर काही ठेवलेलं नाही. पॅड गॅसशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असतं. कुकरच्या पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत जे समोर असेल ते काढायचं. कागद ऑफिसातले पाठकोरे. चांगल्या कार्ट्रिज कागदावर माझा हात आजही दबकतो, किंमत आठवते. एका बाजूला कुणाचा तरी जुना ताळेबंद छापलेला असला की दुसऱ्या बाजूला कितीही वाईट रेघ मारायची मुभा असते. आणि बॉलपेन, कारण त्याला खोडरबर चालत नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवायची, शेजारी दुसरी मारायची. दोन्ही रेघा कागदावर राहिल्या की आपण किती चुकलो आणि कुठल्या दिशेला चुकलो ते दिसतं. मी अंगं नेहमी लांब काढते आणि पाय आखूड. हे मला पुसलेल्या चित्रातून कधीच कळलं नसतं.

पण कट्ट्यावर परत परत जायला मला ज्या एका गोष्टीनं भाग पाडलं, ती याहून वेगळी. स्मरणचित्र. शाळेत त्या विषयाचा अर्थ होता ‘पतंग उडवणारी मुलं’ किंवा ‘बाजाराचं दृश्य’, पाठ केलेल्या चार माणसांसह. आता मी कट्ट्यावरून घरी आले की समोर काढलेले कागद न बघता तीच म्हैस आठवून काढते. दहा मिनिटं. डोकं येतं, पाठ येते, आणि मग पेन अडतं. कान शिंगाच्या खाली असतो की मागं? शेपूट पुठ्ठ्यातून निघते कुठं? पुढच्या पायाचं कोपर पोटाच्या रेघेच्या वर की खाली? तिथं मी मोकळी जागा सोडते आणि तीत प्रश्नचिन्ह काढते. डोळ्यांसमोर तासभर होती ती म्हैस, आणि तरी बघितलेलीच नाही असे हे तुकडे. पुढच्या आठवड्यात कट्ट्यावर कशासाठी जायचं, ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. जाताना मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवते. आधी कान बघते. तो शिंगाच्या मुळाशी, खालच्या बाजूला असतो, आणि माशी बसली की आधी कान हलतो, मग शेपूट.

मोकळ्या जागेवरून आणखी एक आठवलं. पाय काढता येत नसतील तर पाय काढायचे नाहीत, पायांमधली हवा काढायची. पोटाखाली, चार पायांच्या मधे, पलीकडचा रस्ता दिसतो तो एक आकार असतो. कधी तो उभा, कधी वाकड्या चौकोनासारखा. पायाचं नाव डोक्यात आलं की हात ठरलेला पाय काढून मोकळा होतो. हवेच्या तुकड्याला नाव नाही, त्यामुळे तो आहे तसा बघावाच लागतो.

एवढं सगळं असूनही मागच्या पावसाळ्यात माझं थांबलं. काही घडलं नाही, कुणी काही बोललं नाही. जे काढावं ते खोटं वाटायला लागलं. मोबाइलवर चाळीस सेकंदांत अख्खा चेहरा काढून दाखवणारे हात बघत बसायचे आणि पॅड खिळ्यावरच राहायचं. सात आठवडे. आधी रोज वाईट वाटायचं, मग वाटेनासं झालं, आणि ते जास्त भीतीदायक होतं.

त्या दिवसांत एका रविवारी मी कोटितीर्थावर जाऊन बसले. शाहू मिलजवळचा हा तलाव. आबालाल रहिमान इथं येत. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार, राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी होता, १९३१ मध्ये वारला. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा, हाच परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. मुंबई बघून आलेल्या माणसाला या एवढ्याशा तळ्यात परत परत काय दिसत असेल, हे मला कधीच कळलं नव्हतं. त्या दिवशी काढायचं काही ठरवलं नव्हतं, पॅडही घरी होतं. पलीकडच्या काठावर एक झाड पाण्यावर झुकलेलं होतं आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. प्रतिबिंब म्हणजे झाडच उलटं, असं मी धरून चालले होते. मग दिसलं की पाण्यातल्या झाडात फांद्यांची खालची बाजू दिसतेय, आणि ती बाजू वरच्या झाडात मला दिसतच नव्हती. म्हणजे पाणी ते झाड माझ्या जागेवरून बघत नव्हतं, खालून बघत होतं. शिवाय वरचं झाड जितकं काळं तितकं पाण्यातलं नव्हतं, थोडं उजळ होतं. पर्समध्ये औषधाच्या दुकानाचं बिल होतं. त्याच्या मागं मी काढायला लागले.

आबालालना तिथं काय दिसलं हे मी सांगू शकत नाही. पण तळं एकदा बघून संपत नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं. ते बिल मी तारीख घालून खोक्यात ठेवलंय.

खोका म्हणजे साडीचा पुठ्ठ्याचा खोका. प्रत्येक कागदावर कोपऱ्यात तारीख आणि तो थेट खोक्यात, चांगला-वाईट न बघता. वर्षभर झाकण उघडायचं नाही, दिवाळीच्या साफसफाईत एकदाच उघडायचं. रोज बघितलं तर काही हललेलं दिसत नाही. मागच्या दिवाळीत, त्या सात आठवड्यांनंतर, मी सगळे कागद फरशीवर पसरले. पहिल्या वर्षी ज्या तीन म्हशी मला फार चांगल्या आल्यासारख्या वाटल्या होत्या आणि ज्यांचे फोटो मी भावंडांना पाठवले होते, त्यांच्याकडं बघितलं. तिन्हींना वजनच नव्हतं, जणू कागदावर तरंगत होत्या. पावसाळ्यात मला ज्यांचा वीट आला होता त्या म्हशी जमिनीवर उभ्या होत्या. त्यांत दुसरे शंभर दोष होते, पण उभ्या होत्या. माझी नजर पुढं गेली होती आणि हात तिला गाठायला बघत होता. थांबले होते ते नेमकं तिथं.

रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण पंचगंगेच्या घाटावर जमतो. एक निवृत्त एसटी कंडक्टर काका, दोन कॉलेजची मुलं, एक पाळणाघर चालवणाऱ्या ताई, कधी माझी लेक. सगळ्यात खालच्या पायरीवर बसून वर बघितलं की डोळ्यांच्या वरच्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू दिसते, पाय ठेवायची बाजू नाहीशी होते. ती जिथं नाहीशी होते ती आपल्या नजरेची पातळी. कंडक्टर काकांना हे सापडलं त्या दिवशी त्यांनी आम्हा प्रत्येकाला हाताला धरून वेगवेगळ्या पायरीवर बसवलं आणि “आता बघा, आता बघा” करत राहिले. आमच्यात एक नियम आहे, तो मी हट्टानं करून घेतलाय. दुसऱ्याच्या कागदाला पेन लावायचं नाही. शेवटी सगळे कागद पायरीवर दगड ठेवून मांडतो आणि “छान” म्हणायच्या आधी एकमेकांना विचारतो, “कुठं अडलं?”

काकांनी एकदा विचारलं होतं, “बासष्टाव्या वर्षी शिकून आता काय होणार?” मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर त्यांना व्हॅन गॉगबद्दल सांगितलं. त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं १८८० मध्ये, वय सत्तावीस. शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच माणसानं विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले सरावाचे तक्ते तो पुन्हा पुन्हा उतरवत बसला. प्रमाण साधावं म्हणून चौकटीत दोऱ्या ताणून त्यातून बघायचा. आणि दहा वर्षांनी, १८९० मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात, सगळं एवढं काढून झाल्यावर, त्यानं तेच तक्ते भावाकडं परत मागितले. पुन्हा पहिल्यापासून उतरवायचे म्हणून. काका काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे त्याचंबी कुठंतरी अडलं असणार.” आणि समोरच्या दीपमाळेकडं बघत पेन्सिल लांब धरून, एक डोळा मिटून मोजायला लागले.

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर मामांची म्हैस नव्हती. ती व्यायली होती. मामा दुसरी म्हैस घेऊन आले होते. मला बघून म्हणाले, “उद्या सकाळी गोठ्याकडं या, ताई. रेडकू दावतो.” सकाळी गेले. रेडकू दोन दिवसांचं, अंगावर विरळ तपकिरी केस, पाय अंगाच्या मानानं कितीतरी लांब. मी पाय नेहमी आखूड काढते, त्यामुळे पहिल्या तीन कागदांवर ते रेडकू न होता छोटी म्हैसच होत राहिलं. ते एका जागी थांबेना. आईच्या पोटाखाली जाई, बाहेर येई, धडपडे. सात-आठ कागद झाले, प्रत्येकावर तीन-चार रेघा, त्यापुढं काही नाही. एकावर नुसती पाठ आणि एक पाय. एकावर कान.

मामा गवत टाकता टाकता येऊन बघून गेले. यावेळी काही चुकलं म्हणाले नाहीत. कागदावरच्या त्या एकुलत्या एक कानावर बोट न टेकवता, जरा वर धरून म्हणाले, “ह्यो त्याचाच हाय. आईचा असा लोंबत न्हाई.” मग म्हणाले, “शिंगं यायला टाईम हाय अजून. येत ऱ्हावा.”

रेडकाच्या डोक्यावर, जिथं शिंग उगवणार, तिथं केसांचा एक भोवरा होता. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो की उलटा, ते घरी येऊन काढायला बसले तेव्हा आठवेना. तिथं प्रश्नचिन्ह काढलंय.